निळ्या पेन्सिलीतला टोणग्या

सिनेमा बघून आलेली माणसं मला भाजी मंडईत थांबवतात. म्हणतात, काकू, काय धुतलंय हो टोणग्यानं सगळ्यांना! मी विचारते, तुला काय म्हणाला? मग माणूस जरा घुटमळतो. मला? मला काही नाही म्हणाला. उलट म्हणाला, तुझ्यासारखी चार माणसं गावात असती तर मी घरी झोपलो असतो. शेजारी उभा असलेला म्हणतो, अरे, हे तर तो मला म्हणाला! दोघंही खूश. मी पिशवी उचलते आणि घरची वाट धरते.

ह्या सगळ्याला कारण मी आहे. मशीन नाही, कंपनी नाही, तो पोरगा ओजस तर मुळीच नाही. मी, शालन काटकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार इचलकरंजी. कसं ते सांगते, आणि यावेळी एक शब्द न बदलता सांगते.

ज्यांच्या घरात जुने अंक नाहीत त्यांना आधी टोणग्या कोण ते कळायला पाहिजे. टोणग्या आमच्या चित्रकथेचा नायक. नायक कसला, दळभद्री मेला. यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर, मालकाला तोंडावर चोर म्हणाला म्हणून हाकललेला. मागाच्या मोटारीचा शॉक बसला आणि अंगात वीस माणसांचं बळ आलं, पण आळस होता तेवढाच राहिला. फाटकी लुंगी, एकाच पायात चप्पल, गालात तंबाखू. पूल कोसळला, पोर विहिरीत पडलं की लोक त्याला बोलवायला यायचे, आणि हा आधी शिव्या घालायचा. पूल कोणी खाल्ला, विहिरीला कठडा का नाही, तुम्ही गप्प का बसलात, सगळं एकेकाच्या तोंडावर. सगळ्यांची बिनपाण्यानं करून झाली की मग उठायचा आणि पोर बाहेर काढायचा. आधी शिवी, मग सुटका, हे त्याचं ब्रीद. देव, पुढारी, मास्तर, कोणी सुटत नसे. आणि आमचा एक रिवाज होता: शेवटची चौकट वाचकाची. सगळं आटपलं की टोणग्या पानातून सरळ वाचकाकडे बघायचा आणि त्यालाही बोलायचा. पोरं एसटी स्टँडवर अंक घेतला की आधी मागचं पान उघडायची, या महिन्यात आपल्याला काय म्हणाला ते बघायला.

चित्रं आणि शब्द दोन्ही त्र्यंबक काटकरांचे. मी त्यांच्याकडे अक्षरं काढायच्या कामाला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्न नंतर झालं, म्हणून माझ्या तोंडात ‘काटकर’च बसलं ते आजतागायत. पात्रं बोलतात तो पांढरा गोल असतो ना, त्याला आम्ही फुगा म्हणायचो. फुग्यात काटकर फिक्या निळ्या पेन्सिलीनं मजकूर लिहायचे आणि मी त्यावर काळ्या शाईनं अक्षर काढायचे. फिकी निळी पेन्सिल छापखान्यातल्या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे ती खोडावी लागत नसे. छापून यायचं ते फक्त काळं. म्हणजे माझं.

आणि माझ्या हातात दिलेलं पान काटकर पुन्हा बघत नसत, छापलेला अंकही कधी उघडत नसत. एकदा हातातून गेलं की ते शिळं, म्हणायचे. ते बघत बसलं तर पुढचं सुचत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. गठ्ठा आला की तसाच माळ्यावर जायचा.

सातव्या अंकात शाळेचं छप्पर कोसळतं आणि गाव समोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून बघत असतं. शेवटच्या चौकटीत काटकरांनी निळ्यात लिहिलं होतं: ‘काय बघतोस रे? पोरं ढिगाऱ्याखाली होती तेव्हा तू टपरीवर उभाच होतास. भेकड!’ मी दौतीत टाक बुडवला आणि माझा हात थांबला. नऊ-दहा वर्षांचं एखादं पोर खाऊच्या पैशातून हा अंक घेणार, त्याला भेकड का म्हणायचं? फुग्यात जागाही कमी होती, असं मी स्वतःला सांगितलं. जागा भरपूर होती. मी लिहिलं: ‘काय बघतोस रे? पुढच्या वेळी तूही ये हात लावायला. येशील ना?’

कोणाला कळलं नाही. तिथून मला सवयच लागली. नऊ वर्षं अंक चालला आणि प्रत्येक अंकात मी इथे एक शिवी कमी कर, तिथे एक ‘बाबा’ घाल, असं करत गेले. घरातही मी तेच करायचे. सासूबाई काटकरांना जे बोलायच्या ते माझ्याकडून त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मं व्हायचं. मला वाटायचं मी माणसं जपते आहे. काटकर म्हणायचे, शालन, तुझ्यासारखी अक्षरं महाराष्ट्रात कोणाची नाहीत. मी मान खाली घालून लाजायचे. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढे अंक बंद पडला, काटकर दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, आम्हाला मूलबाळ नव्हतं, दिवस बरे गेले. पंच्याहत्तरीनंतर त्यांचा विसर सुरू झाला. आधी गल्ल्या विसरले, मग माणसं, मग मला ‘बाई, तुम्ही कोणाकडे आलात?’ विचारायला लागले आणि शेवटी विचारायचेही थांबले. डॉक्टरीण चांगली होती. ती म्हणाली, स्वतःच्या तोंडचं, शेकडो वेळा घोकलेलं असं काही असेल तर ते सगळ्यात शेवटी जातं. त्यांना ते ऐकवत राहा. कधीतरी दार उघडेल.

माळ्यावरचे अंक मी खाली काढले. रोज दुपारी जेवण झालं की त्यांच्यासमोर बसून टोणग्या मोठ्यानं वाचायचे. चौदा महिने वाचलं. ते भिंतीकडे बघत बसायचे. डोळ्याची पापणीसुद्धा वेगळी हलली नाही. एकदा रडत रडत म्हटलं, अहो काटकर, तुमचंच आहे हो हे, ऐका की. ते भिंतीकडेच बघत राहिले.

त्याच दिवसांत ओजस फडतरे आला. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा दिग्दर्शक, बत्तीस वर्षांचा, त्याच्या आईच्या ट्रंकेत टोणग्याचे सतरा अंक सापडलेले. त्याला सिनेमा करायचा होता. बसल्या बसल्या त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. हल्लीचा सिनेमा म्हणे आधी करून ठेवतच नाहीत. कथा ठरलेली असते, पण चित्र आणि बोलणं मशीन तिथल्या तिथे, तुमच्या खुर्चीपुरतं तयार करतं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर आरपार दिसणारा चष्मा, त्यातच चित्र, आणि कानात बोंडं. तीनशे खुर्च्या, तीनशे सिनेमे. खुर्चीच्या हातावर धातूची पट्टी असते, त्यावर तळवा ठेवायचा. तळव्याला किती घाम सुटला, नाडी कशी चालली, बुबुळ किती मोठं झालं, एवढ्यावरून मशीनला तुमच्या मनातलं तुमच्याआधी अर्धा सेकंद कळतं. चहावाला गिऱ्हाईक बघून साखर कमीजास्त करतो तसं, म्हणाला. वाक्य तुम्हाला लागणार असं दिसलं की ते तोंडातून बाहेर पडता पडता बदलतं. प्रेक्षक दुखावला जात नाही, म्हणून सरकारी प्रमाणपत्रही चटकन मिळतं.

मी म्हटलं, अरे, टोणग्या लोकांना दुखवायलाच आहे. तो हसला. म्हणाला, काकू, प्रत्येकाला वाटेल की तो दुसऱ्यांना दुखवतोय, गंमत तीच आहे.

मला पटलं नव्हतं. पण टोणग्याचा आवाज कोणाचा, असं मी विचारलं आणि तो म्हणाला, एखादा नट बघू. तेव्हा मला ती कॅसेट आठवली. काटकर रात्री सुचलेले संवाद कॅसेटमध्ये बोलून ठेवायचे. टेप एकच, त्यावरच पुन्हा पुन्हा, त्यामुळे शेवटच्या अंकाच्या संवादांचे तुटक तुकडे तेवढे उरले होते, एकही वाक्य पुरं नाही. ओजसनं ऐकलं आणि म्हणाला, एवढ्यावर मशीन त्यांच्या आवाजात काहीही बोलेल. माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं: माझ्या वाचण्यानं उघडलं नाही ते दार त्यांच्या स्वतःच्या आवाजानं उघडेल. मी सही केली. मूळ पानांच्या अकरा पेट्या टेम्पोत चढवून दिल्या, निळं-काळं सगळं. त्या पानांवर काय आहे हे मला आठवलंसुद्धा नाही, एवढी मी निर्ढावलेली होते.

सात महिन्यांनी ओजस पेढे घेऊन आला. काम झालं होतं, आणि त्याचं श्रेय तो मला देत होता. म्हणाला, काकू, आमची एकच अडचण होती. वाक्य मऊ करायचं, पण ते टोणग्याच्याच भाषेत, नाहीतर लोकांना लगेच कळतं. मशीनला हे शिकवायला दोन्ही नमुने लागतात, कडक आणि मऊ. ते कुठून आणायचे? पेट्या उघडल्या तर तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेले. निळ्यात कडक, काळ्यात मऊ. अकराशे चाळीस जोड्या! आम्ही मशीनच्या त्या भागाला नावच ‘शालन’ दिलंय.

माझ्या हातात पेढा होता. तो मी पुन्हा बशीत ठेवला.

त्यानं टॅबवर एक जोडी काढून दाखवली. बारावा अंक, दुष्काळ, देवळात दुधाचा अभिषेक चाललाय आणि टोणग्या गाभाऱ्याच्या दारात उभा. काळ्यात माझं: ‘देवा, बाहेर पोर तहानलंय, जरा बघ की.’ वरच्या निळ्या ओळीवर मी चष्मा पुसून नजर टाकली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. "देवा, तुला अंघोळ दुधाची आणि बाहेरच्या पोराला घोटभर पाणी नाही..."

"उतर खाली, मी बसतो," काटकर म्हणाले.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मान वळवून, माझ्याकडे बघून, एका गालात हसत. मग पुन्हा भिंत.

ओजसला कळेना मी अशी का रडतेय. मला मात्र सगळं कळलं होतं. चौदा महिने मी त्यांच्यापुढे त्यांचं म्हणून माझंच वाचत बसले होते. ते कशाला ओळखतील? त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मी ओजसला म्हटलं, मला सगळी निळी वाक्यं दे, बाबा. त्यानं खरंच खटपट केली. पण कंपनीच्या वकिलांनी कळवलं की मूळ पानं आणि त्यावरचा सगळा मजकूर आता मशीनच्या आतला माल आहे, बाहेर द्यायचा नाही, बाईंनी सही केली आहे. मग मी वही घेऊन आठवायला बसले. अकराशे चाळीस वाक्यं मी स्वतःच्या हातानं झाकली होती, त्यातली दहा तरी आठवावीत. आठवत होतं ते सगळं काळं. माझीच सुबक अक्षरं डोळ्यांपुढे यायची आणि त्यांच्याखाली काय होतं ते दिसायचंच नाही.

ती देवाची एक ओळ मी रोज म्हणायचे. चार-पाच दिवस काटकरांचे ओठ हलले, मग तेही बंद झालं. एका ओळीवर किती दिवस काढणार?

म्हणून उरलं ते थिएटर. मी ओजसला म्हटलं, ह्यांच्या खुर्चीपुरतं ते तुझं ‘शालन’ बंद ठेव. तो म्हणाला, बंद ठेवता येत नाही, प्रमाणपत्रच त्याच्यावर आहे. पण त्याची गरज नाही, काकू. काकांचा तळवा कोरडा असतो. त्यांना काही लागतच नाही असं मशीन धरेल आणि टोणग्या त्यांना अस्सल निळ्यातला मिळेल. जाता जाता एवढंच म्हणाला की मशीनला घाम कळतो, घामाचं कारण कळत नाही. शिवी ऐकताना घाम आला तर तो अपमानाचाच, असं ते समजतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात कोरडा तळवा एवढंच राहिलं होतं.

कोल्हापूरचं थिएटर, दुपारचा खेळ. काटकरांना इस्त्रीचा सदरा घातला, रिक्षानं नेलं, खुर्चीत बसवून डावा तळवा पट्टीवर ठेवला. मला माझा सिनेमा नको होता. सोबतीच्या माणसासाठी सोय असते, तिच्यातून माझ्या चष्म्यात आणि कानात त्यांच्याच खुर्चीचा सिनेमा जोडून घेतला. त्यांचा उजवा हात मी हातात धरला.

टोणग्यानं तोंड उघडलं आणि काटकर बोलायला लागले. तिशीतले काटकर, खर्जातला, तंबाखूनं जड झालेला आवाज. आणि शब्द सगळे निळे. एकेक वाक्य येत होतं आणि मला एकेक फुगा आठवत होता, हे मी झाकलं, हेही मी झाकलं. काय तिखट लिहायचा हा माणूस! आणि किती खरं! शिवी खाऊन शरमलेला गावचा सरपंच मग स्वतः दोर धरायला येतो, हे मी छापलेल्या अंकात कधी कळूच दिलं नव्हतं. माझ्या अंकातले लोक चित्रात उगाचच दोर धरायला यायचे, कारण त्यांना कोणी काही बोललेलंच नसायचं.

अर्ध्या तासानं काटकर हसले. खांदे हलवून, पूर्वीसारखे. मग एका शिवीच्या आधीच शिवी त्यांच्या तोंडातून आली. पुढच्या रांगेतल्या कोणाला काही ऐकू गेलं नाही, सगळे आपापल्या सिनेमात. शेवट जवळ आला तशी त्यांची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली आणि ते म्हणाले, "शालन." नाव घेतलं माझं. मी वळले तर ते माझ्याकडे बघत होते, मला ओळखत होते. त्यांचा हात ओला झाला होता. घामानं चिंब. आणि मी खुळी, मला त्या घामाचा आनंद झाला.

टोणग्यानं मान वळवली. सातव्या अंकाची शेवटची चौकट. "काय बघतोस रे?" काटकरांचे ओठ आवाजाबरोबर हलायला लागले. "पोरं ढिगाऱ्याखाली होती तेव्हा तू..."

त्यांचा तो आवाज जराही अडखळला नाही. सरळ पुढे म्हणाला, "...तू लांब होतास, तुझा काय दोष? पुढच्या वेळी तूही ये हात लावायला. येशील ना?"

"टपरीवर उभाच होतास," काटकर म्हणाले. "भेकड."

चष्म्यातला टोणग्या प्रेमानं बघत होता. काटकरांनी कानातलं बोंड स्वतःच्या हातानं काढलं, चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ मी आजारातही पाहिला नव्हता. 

"शालन, हे माझं नाही."

मीही माझा चष्मा काढला.

"माझ्या आवाजात आहे, पण हे माझं नाही. कोणी बदललं?"

ते उत्तराची वाट बघत होते. पूर्ण जागे, माझे काटकर, कामाच्या टेबलाशी बसायचे तसे ताठ. मी एवढंच म्हणायचं होतं की मी बदललं. ते भांडले असते, हात उगारला असता, जन्मात बोलले नसते, काहीही झालं असतं तरी आम्ही दोघं तिथे असतो. पण मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. एवढ्या दिवसांनी आलेत, त्यांना कशाला दुखवा, असं मनात आलं.

"मशीननं," मी म्हटलं. "मशीननं बदललं, काटकर."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाले. मग समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसले. दिवे लागले, लोक हसत उठले, एकमेकांना टाळ्या देत बाहेर पडले. मी त्यांचा हात धरून होते आणि तो हळूहळू कोरडा झाला.

दुसऱ्या दिवशी ओजसचा फोन आला. काकांना काही लागलं नाही ना, म्हणून त्यानं नोंद तपासली होती. त्या खेळाला दुखावलेला प्रेक्षक एकही नाही, असं त्यानं मला आनंदानं सांगितलं.

त्याला आता पाच महिने झाले. काटकर त्यानंतर बोललेले नाहीत. रोज दुपारी जेवण झालं की मी त्यांच्यासमोर बसते. त्यांचा तळवा माझ्या हातात घेते आणि म्हणते, मी बदललं, काटकर. सातव्या अंकापासून. अकराशे चाळीस वेळा, आणि थिएटरात अजून एकदा. मग तळव्याला जरा तरी ओल येते का ते बघते, आणि ते भिंतीकडे बघत बसतात.